अळंबी ओळखताना छत्री शेवटी बघा

मृगाचा पाऊस जमिनीत मुरतो, मध्ये दोन-चार दिवसांची उघडीप मिळते, हवा दमट आणि गरम राहते, आणि एका सकाळी बांधावर, वारुळापाशी, शाळेच्या मैदानावर, अगदी कुंडीतसुद्धा छत्र्या उभ्या दिसतात. दिसल्या की हात थेट देठाला जातो. एक झटका आणि अळंबी हातात. ओळखायला सर्वात उपयोगी असलेला भाग मात्र त्या झटक्यात जमिनीतच राहतो. रानातल्या अळंब्यांच्या बाबतीत ही सर्वात साधी आणि सर्वात महागात पडणारी चूक. म्हणून इथे क्रम खालून वर ठेवला आहे: आधी जागा, मग बूड, मग देठ आणि कल्ले, आणि छत्रीचा रंग अगदी शेवटी.

बोलायचं आहे ते फक्त कल्ल्यांच्या अळंब्यांविषयी. छत्री उलटी केली की देठापासून कडेपर्यंत पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या दिसतात, ते कल्ले. त्यांच्या जागी बारीक छिद्रं असतील किंवा नुसता गोळा असून फोडल्यावर आत भुकटी निघत असेल, तर ती मंडळी वेगळी.

कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात सात्या आणि टेकोडे. बाकीच्यांना सरसकट ‘कुत्र्याची छत्री’. ही नावं स्वयंपाकघरातली आहेत, एका नावाखाली तीन-चार जाती सहज मावतात. आपल्याकडे आवडीनं खाल्ल्या जाणाऱ्या रानअळंब्यांपैकी बऱ्याचशा टर्मिटोमायसिस या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे वाळवीच्या अळंब्या. त्या आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी अळंब्या वेगळ्या कशा करायच्या, हा खरा प्रश्न.

जागा

या अळंबीच्या बाबतीत जागा ही नुसती पार्श्वभूमी नसते, ती शरीराचाच भाग असते. ओडोन्टोटर्मिससारख्या वाळव्या जमिनीखाली बुरशीची शेती करतात. चघळलेलं लाकूड आणि पालापाचोळा त्यांच्या विष्ठेवाटे बाहेर पडतो, त्याची स्पंजासारखी पोळी रचली जाते आणि त्यावर ही बुरशी वाढते. वाळवीची पिल्लावळ तिच्यावर पोसते. पावसाळ्यात त्याच पोळ्यांमधून अळंबी माती फोडून वर येते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून ही ‘रोयणीची अळमी’. सातेरी किंवा सांतेरी देवी जिथे वारुळाच्याच रूपात पुजली जाते, त्या मुलखात ही अळंबी आणि वारूळ यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यातून एक पक्का नियम निघतो. टर्मिटोमायसिस ओंडक्यावर उगवत नाही, शेणावर नाही, पेंढ्याच्या ढिगात नाही, कुंडीतल्या खतात नाही. तशा ठिकाणी मिळालेली अळंबी कितीही ‘आपली’ वाटली तरी ती दुसरीच कुणीतरी आहे.

उलट बाजूनं मात्र हा नियम तितका सरळ चालत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. कितीतरी वाळव्यांचं घर पूर्ण जमिनीखाली असतं, वर टेकाड नसतंच. काजूच्या बागेत, माळावर, जुन्या बांधावर सपाट जमिनीतून अळंबी आली तर खाली वाळवी असू शकते. दुसरीकडे, वारुळापासून हातभर अंतरावरच्या गवतात भलतीच छत्री उगवू शकते. वारुळाशेजारी उगवली म्हणून ती वारुळाची होत नाही. पुरावा मातीखाली असतो.

इतर जागांविषयी थोडक्यात. मेलेल्या लाकडावर, आखूड किंवा एका बाजूला सरकलेला देठ आणि देठावर उतरत जाणारे कल्ले, ही धिंगरीच्या गोत्यातली ठेवण. कुजलेला भाताचा पेंढा किंवा कंपोस्ट ही व्हॉल्व्हेरिएलाची, म्हणजे पेंढ्यावरच्या अळंबीची जागा. हिरवळ, क्रिकेटचं मैदान, सोसायटीची बाग, तीही गोलाकार रांगेत, ही बऱ्याचदा क्लोरोफायलम या विषारी अळंबीची जागा. आणि झाडांखालची जमीन ही अमॅनिटा या घातक विषारी जाती असलेल्या प्रजातीची, कारण तिच्या बहुतेक जाती झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात. अमॅनिटाच्या काही थोड्या जाती उघड्या गवतातही येतात, त्यामुळे ‘जवळ झाड नाही, म्हणजे अमॅनिटा नाही’ असं म्हणून चालणार नाही.

बूड

खुरपी किंवा जाड पात्याचा चाकू घ्या. देठापासून चार बोटं दूर, तीन बाजूंनी, १० ते १५ सेंटिमीटर खोल माती सैल करा. मग बोटांनी माती बाजूला करत देठ मातीत कुठवर जातो ते बघा. ओढू नका. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा हे काम दोन मिनिटांचं. कडक जांभ्यात वेळ लागतो, आणि घाई केली की देठ नेमका नको तिथे तुटतो.

मातीखाली साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: देठ जमिनीच्या पातळीला जरा फुगतो आणि खाली निमुळता होत मुळासारख्या लांब शेपटीत उतरतो. ही शेपटी खालच्या पोळीपर्यंत जाते. कधी वीतभर, कधी हातभर. जातीनुसार बाहेरून पांढरी, तपकिरी किंवा काळपट, आतून पांढरी आणि दोऱ्यासारखी चिवट. १५ सेंटिमीटर खणूनही ती निमुळती होत खाली जातेच आहे, एवढं दिसलं की पुरे. तिचा शेवट शोधायला वारूळ उकरू नये. पोळ्या फुटल्या की त्या वसाहतीचं नुकसान होतं, आणि पुढच्या पावसात त्या जागी अळंबी येण्याची शक्यताही आपणच घालवतो.

दुसरा प्रकार: देठ कांद्यासारख्या किंवा गदेसारख्या गड्ड्यात संपतो, खाली काही नाही. क्लोरोफायलमचा देठ असाच बुडाशी फुगीर असतो.

तिसरा प्रकार: बुडाभोवती पांढरी, फाटकी पिशवी, जणू अंड्याचं कवच फोडून देठ वर आला आहे. अमॅनिटाच्या सर्वात घातक जातींची ही खूण. पण व्हॉल्व्हेरिएलालाही अशीच पिशवी असते, आणि ती खाण्याची अळंबी आहे. म्हणून पिशवी दिसली की नवख्यानं सरळ सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणकार पुढे तीन गोष्टी बघतो. व्हॉल्व्हेरिएलाच्या देठावर कडं, म्हणजे देठाभोवतीची गोल पट्टी, नसतं, पिकल्यावर तिचे कल्ले गुलाबी होतात, आणि ती पेंढ्यावर किंवा कंपोस्टवर येते. अमॅनिटाचे कल्ले सहसा पांढरेच राहतात आणि बीजाणू (कल्ल्यांतून गळणारी बीजासारखी बारीक भुकटी) हेही पांढरे. दोघींचं कोवळं ‘अंडं’ बाहेरून इतकं सारखं दिसतं की या अवस्थेत ओळखण्याचा प्रयत्नच करू नये.

अमॅनिटाची पिशवी मातीत रुतलेली असते आणि तकलादू असते. छत्री धरून उपटली की पिशवी खालीच राहते, आणि हातात येते ती एक साधी, स्वच्छ, पांढरी, कड्याची अळंबी. बुडाशिवायचा कुठलाही नमुना मी अपुरा समजतो. फोटो पाठवून ‘ही कुठली?’ असं विचारणाऱ्यांच्या फोटोत नव्वद टक्के वेळा बूडच नसतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण बहुतेक वेळा नसतं, हे खरं आहे.

देठावरचं कडं

‘कडं असलेली विषारी, बिनकड्याची खाण्याची’ हे पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. ते दोन्ही बाजूंनी खोटं आहे. आपल्याकडे आवडीनं खाल्ल्या जाणाऱ्या टर्मिटोमायसिस हाइमीला जाड, ठळक कडं असतं. उलट विषारी अळंबीचं कडं पावसानं गळून पडलेलं असू शकतं.

कड्याकडे बघायचं ते कसं बसलं आहे यासाठी. क्लोरोफायलमचं कडं दुहेरी काठाचं असतं आणि पक्व झाल्यावर देठावर वर-खाली सरकतं, बांगडीसारखं. हाइमीचं कडं देठाला घट्ट असतं. अमॅनिटाचं बऱ्याचदा पातळ, झालरीसारखं खाली लोंबतं. अंगठा आणि तर्जनीनं हलकेच सरकवून बघा. जोर लावला तर घट्ट कडंही फाटतं आणि सरकल्यासारखं वाटतं.

कल्ले

अळंबी मधोमध उभी चिरा, छत्रीपासून बुडापर्यंत एकाच कापात. आता कल्ले देठाला कसे भेटतात ते स्पष्ट दिसेल. देठाजवळ येऊन न टेकता थांबतात, की सपाट चिकटतात, की देठावरून खाली उतरतात? टर्मिटोमायसिसचे कल्ले मोकळे किंवा जेमतेम टेकलेले, दाट, आधी पांढरे आणि पिकल्यावर फिकट गुलाबी. क्लोरोफायलमचे मोकळे, अमॅनिटाचेही मोकळे किंवा जवळजवळ मोकळे. म्हणजे ‘मोकळे कल्ले’ एवढ्यानं काहीच सुटत नाही. मात्र कल्ले देठाला रुंद चिकटलेले असतील किंवा खाली उतरत असतील, तर ती टर्मिटोमायसिस नाही, हे पक्कं.

चिरलेला भाग पाच-दहा मिनिटं उघडा ठेवा. क्लोरोफायलमचा गर कधी कधी हळूहळू लालसर-तपकिरी होतो. झाला तर ती उपयोगी खूण, नाही झाला तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण उष्ण प्रदेशात पोटाच्या विषबाधेला कारणीभूत होणारी ही फार नेहमीची अळंबी आहे. छत्री १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत, पांढरी, मधोमध तपकिरी पापुद्रा आणि त्याभोवती विखुरलेले तपकिरी खवले. कोवळेपणी ढोल वाजवायच्या टिपरूसारखी दिसते. एवढी मोठी, भरघोस, पांढरीशुभ्र, घराजवळच्या हिरवळीवर डझनानं उगवलेली. बघताक्षणी मोह व्हावा अशीच. तिचे कल्ले कोवळेपणी अगदी पांढरे असतात. पिकल्यावर ते राखाडी-हिरवट होतात. धोका आहे तो यातच: स्वयंपाकाला लोक नेमक्या कोवळ्या, न उघडलेल्या कळ्या निवडतात, आणि हिरवा रंग तेव्हा आलेलाच नसतो. कळ्या खुडायच्याच असतील तर त्याच घोळक्यातली एक पूर्ण उघडलेली, जुनी छत्री आधी तपासा. तशी एकही नसेल तर दुसऱ्या दिवशी या.

बीजाणूंचा ठसा

हे घरी करायचं काम आहे आणि याला पर्याय नाही. पूर्ण उघडलेली छत्री घ्या, देठ कल्ल्यांच्या पातळीला कापून टाका. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या किंवा काचेचा तुकडा घ्या. छत्री त्यावर कल्ले खाली करून ठेवा, वरून पाण्याचा एक थेंब सोडा आणि वाटी पालथी घाला म्हणजे वारा लागणार नाही. ४ ते १२ तासांत कल्ल्यांच्या रेषांचा ठसा उमटतो.

ठसा दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली पांढरा ठसाही मलईचा वाटतो, आणि फिकट गुलाबी व पांढरा यांतला फरक पुसला जातो. ठसा पातळ आला असेल तर पात्यानं खरवडून बीजाणूंची बारीक ढिगली करा, रंग लगेच कळतो. नुसत्या पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही आणि माणूस ‘ठसा आलाच नाही’ म्हणून मोकळा होतो, यासाठी काळा भाग.

ठसा खरोखरच न येण्याची कारणंही आहेत. छत्री फार कोवळी असते, पावसात भिजून कल्ले एकमेकांना चिकटलेले असतात, फ्रीजमध्ये ठेवलेली असते, किंवा अळ्यांनी पोखरलेली असते. अशा वेळी नवीन छत्री आणा. ठसा न आल्यावर अंदाजानं रंग ठरवणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

फिकट गुलाबी किंवा गुलाबी-मलई ठसा आला तर टर्मिटोमायसिस शक्य आहे. हिरवट ठसा हा क्लोरोफायलमचा, आणि तो वाद संपवतो. पांढरा ठसा असेल तर अमॅनिटा किंवा लेपिओटा या, विषारी जाती असलेल्या प्रजातींकडे बोट जातं, तिथे थांबायचं. चॉकलेटी तपकिरी ठसा अॅगॅरिकसचा, म्हणजे बाजारातल्या बटण अळंबीच्या भावंडांचा. मातकट तपकिरी ठशाच्या अळंब्यांत इनोसायबीसारख्या विषारी प्रजाती आहेत.

गुलाबी ठसा आला म्हणून लगेच कढई चढवू नका. एन्टोलोमाचा ठसाही गुलाबी असतो आणि तिच्यात विषारी जाती आहेत. फरक असा: एन्टोलोमाचे कल्ले सहसा देठाला चिकटलेले असतात, बुडाला लांब शेपटी नसते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू कोनाकोनांचे दिसतात. टर्मिटोमायसिसचे गुळगुळीत, लांबट गोल. प्ल्युटियसचाही ठसा गुलाबी आणि कल्ले मोकळे, पण ती लाकडावर येते. म्हणून जागा, शेपटी, मोकळे कल्ले आणि गुलाबी ठसा, चारही एकत्र जुळायला हवेत. तीन जुळले आणि चौथं ‘बहुधा असेल’, तर नमुना वहीत, ताटात नाही.

आणि आता छत्री

टर्मिटोमायसिसच्या छत्रीच्या मधोमध एक कठीण टोक असतं. माती फोडायचं काम त्याचंच. काही जातींत, उदाहरणार्थ क्लिपिएटसमध्ये, ते भाल्यासारखं अणकुचीदार असतं, काहींत बोथट टेंगळासारखं. हाइमीत छत्री पांढरी आणि मधला भाग राखाडी-तपकिरी, पसारा साधारण ६ ते १२ सेंटिमीटर. जून झाल्यावर कडा मध्याच्या दिशेनं चिरत जातात.

छत्रीवरचे ठिपके बघताना नख वापरा. क्लोरोफायलमचे खवले हे छत्रीच्या सालीचेच फाटलेले तुकडे, ते नखानं सुटे होत नाहीत. अमॅनिटाच्या छत्रीवरचे ठिपके वेगळ्या आवरणाचे उरलेले अवशेष असतात, ते अलगद निघतात आणि जोराच्या पावसानं धुऊनही जातात. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर ठिपक्यांची अमॅनिटा सकाळी गुळगुळीत, स्वच्छ दिसू शकते. रंगावर विसंबू नये तो यासाठी.

वाळवीच्या अळंब्यांत एक जात या सगळ्याला अपवाद आहे: मायक्रोकार्पस. छत्री जेमतेम १ ते २ सेंटिमीटर, शेकड्यांनी एकत्र, आणि लांब शेपटी नसते. कारण वाळवी पोळ्यांचे तुकडे बाहेर जमिनीवर आणून पसरते आणि ही तिथेच उगवते. मातीचा वरचा थर हलक्यानं उचलून त्या पोळीचे कण शोधावे लागतात. आकारानं एवढ्याच असणाऱ्या कितीतरी छत्र्या पावसाळ्यात उगवतात आणि त्यांत घातक लेपिओटाही आहेत: लहान, खवलेदार, पांढऱ्या कल्ल्यांच्या. त्यातल्या काहींमध्ये अमॅनिटाचंच यकृत निकामी करणारं विष असतं. मायक्रोकार्पस वर्षानुवर्षं गोळा करणाऱ्यांनीच गोळा करावी. नव्या माणसानं ती बघावी, फोटो काढावा, पुढे जावं.

गोळा करताना प्लॅस्टिकची पिशवी टाळा. अळंबी तासाभरात घामेजते, कल्ले काळे पडतात आणि ठशाची आशा संपते. कागदी पिशवी किंवा पानं घातलेली टोपली बरी, आणि प्रत्येक घोळक्याची वेगळी पुडी. एकाच टोपलीत पन्नास चांगल्या अळंब्यांत एक भलती मिसळली की घरी ती सापडत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय काही तोडू नये.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतात का, हळदीच्या पाण्यात काय होतं, गोगलगाईनं किंवा किड्यानं खाल्ली आहे का, छत्रीची साल निघते का: यातल्या एकाही परीक्षेचा विषाशी संबंध नाही. अमॅनिटाचं विष उकळून, तळून किंवा वाळवूनही जात नाही, आणि किडे ती खुशाल खातात.

खाल्ल्यावर त्रास झाला तर

क्लोरोफायलमची बाधा लवकर कळते: १ ते ३ तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, जुलाब. शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, लहान मुलांत आणि म्हाताऱ्यांत ते धोक्याचं. अमॅनिटाची बाधा उशिरा सुरू होते, सहसा ६ ते २४ तासांनी. उलट्या-जुलाब होतात, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं आणि घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानातल्या अळंब्या खाऊन १३ जण दगावले. जेवणानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या सुरू झाल्या तर बरं वाटायची वाट न बघता लगेच मोठं रुग्णालय गाठावं. लवकर त्रास झाला म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण एकाच भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. त्याच भाजीतलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांना सोबत न्यावं, त्रास होत नसला तरी.

डॉक्टरांना सांगायच्या दोन वेळा आधीच लिहून घ्या: जेवलात कधी आणि पहिली उलटी कधी. उरलेली भाजी डब्यात न्या. शिजवलेली नसलेली एखादी अळंबी शिल्लक असेल तर कागदात गुंडाळून न्या. नसेल तर घरातल्या कुणाला तरी जिथून तोडली तिथे पाठवून तशीच दुसरी, खुरपीनं सैल करून, मातीसकट, बुडासकट आणायला सांगा.